पेवातले धान्य

निजामी अमदानीत उस्मानाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात, जेथे बालाघाटाच्या माथ्यावरची जमीन हलकी आणि पाऊस लहरी, तेथे काटकसर हा सद्गुण म्हणून शिकवावा लागला नाही; तो संसाराचा पायाच होता. सुगीची ज्वारी विकून मोकळे होण्याऐवजी शेतकरी ती जमिनीत खणलेल्या, कडबा व भुसा लावलेल्या पेवात उतरवीत, आणि तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपीत. पेव उघडताना कोंडलेला विषारी वायू निघून जाईपर्यंत थांबावे लागे. कंदील आत सोडून तो विझत नाही हे पाहिल्यावरच माणूस खाली उतरे. त्या ज्वारीला उग्र वास येई, पण तिच्या भाकरीवर घर तगत असे.

१९७२ च्या दुष्काळात मात्र पेवेही रिकामी पडली. जमीनदार आणि मजूर दुष्काळी कामांच्या एकाच हजेरीपटावर नाव लावून खडी फोडू लागले. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीला पाणी लावताच चिरा पडत, तरी ती घरोघरच्या माउलीने निगुतीने थापली, आणि कामावर मिळालेली सुकडी पदराच्या गाठीत बांधून लेकरांसाठी घरी नेली. माझ्या मते त्या गाठीइतका बोलका दस्तऐवज कोणत्याही दफ्तरात नसेल.

याच दुष्काळी कामांच्या अनुभवाने बळ मिळालेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.