वीस दिवसांची रेघ

मराठी बोलीत माराच्या खुणांना जितकी वेगवेगळी नावे आहेत, म्हणजे खरचटणे, वळ उठणे, टेंगूळ येणे, खोक पडणे आणि वरून काहीच दिसत नाही पण आतून अंग ठणकत राहते तो मुका मार, तितकी फौजदारी कायद्याला कधीच लागली नाहीत. न्यायालयाच्या दारात या साऱ्यांच्या दोनच राशी होतात, एक ‘दुखापत’ आणि दुसरी ‘जबर दुखापत’, आणि आरोपी जास्तीत जास्त एक वर्ष तुरुंगात राहणार की सात वर्षे, हे इजा कोणत्या राशीत पडते यावर ठरते. ही वाटणी वैद्यकातून आलेली नाही. ती कायदा करणाऱ्यांनी, पुष्कळशी नाइलाजाने, आखलेली रेघ आहे.

इजेची प्रतवारी करण्याचा खटाटोप मात्र जुना आहे. धर्मशास्त्रात मारहाणीच्या गुन्ह्याला ‘दंडपारुष्य’ म्हणत आणि तो व्यवहाराच्या, म्हणजे न्यायालयीन वादांच्या, अठरा पदांपैकी एक मानला जाई. मनुस्मृतीने समान वर्णाच्या लोकांतील मारहाणीसाठी शरीराच्या थरांनुसार पायऱ्या पाडल्या आहेत: कातडी फाटली किंवा रक्त दिसले तर शंभर पण दंड, मांस फाटले तर सहा निष्क आणि हाड मोडले तर हद्दपारी. याज्ञवल्क्यस्मृतीत काठीने मारून रक्त न निघाल्यास बत्तीस पण आणि निघाल्यास त्याच्या दुप्पट दंड आहे, तर हात, पाय किंवा दात मोडणे आणि कान-नाक कापणे हे वरच्या पायरीवर आहे. याच स्मृतीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळी विज्ञानेश्वराने लिहिलेली ‘मिताक्षरा’ ही टीका पश्चिम भारतात पुढे कित्येक शतके प्रमाण मानली गेली. मारणाऱ्याने राजदंडाखेरीज जखमीच्या उपचारांचा खर्चही द्यावा, हा ‘समुत्थान-व्यया’चा नियम आजच्या वाचकाला नवा वाटेल, पण तो या स्मृतींत आहे. तिथेच हेही आहे की शूद्राने उच्चवर्णीयाला ज्या अवयवाने इजा केली तो अवयव छाटावा. तेव्हा या व्यवस्थेत जखम मोजण्याआधी माणूस मोजला जाई, हे विसरून तिचे कौतुक करता येत नाही. सुश्रुतसंहितेने छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे आघाताने झालेल्या जखमांचे सहा प्रकार सांगितले, परंतु ते शल्यचिकित्सकासाठी होते. न्यायाधीशाच्या पायऱ्यांशी त्यांची कुणी सांगड घातली नाही.

इंग्रजी कायद्याची स्थिती याहून विचित्र होती. तिथे ‘मेहेम’ या गुन्ह्याचा गाभा असा की माणसाची लढण्याची शक्ती कमी झाली पाहिजे, कारण त्याचे शरीर राजाच्या कामी येणारे मानले जाई. परिणामी पुढचा दात पाडणे हा मोठा अपराध ठरे, आणि दाढ पाडणे किंवा नाक कापणे मात्र त्यात बसत नसे, कारण नकटा शिपाईही तलवार चालवू शकतो. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने 1837 मध्ये भारतासाठी दंडसंहितेचा मसुदा सादर केला तेव्हा हा वारसा टाकून दिला आणि गंभीर इजा व किरकोळ इजा यांच्यात अचूक रेघ ओढणे अशक्य असले तरी ओबडधोबड का होईना ती ओढलीच पाहिजे, अशी भूमिका घेतली. त्यातून 1860 च्या भारतीय दंडसंहितेचे कलम 320 आले, ज्यात जबर दुखापतीचे आठच प्रकार होते: पुरुषत्वाचा नाश, एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे, एका कानाचे ऐकू येणे कायमचे जाणे, अवयव किंवा सांधा गमावणे, त्याची शक्ती कायमची खालावणे, डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड किंवा दात मोडणे वा निखळणे, आणि आठवा, जिवाला धोका पोचवणारी किंवा जखमीला वीस दिवस तीव्र वेदना देणारी अथवा तेवढे दिवस नित्याचे व्यवहार करू न देणारी इजा. वीस दिवसांचा हा आकडा नेपोलियनच्या 1810 च्या फ्रेंच दंडसंहितेतही होता, आणि ती संहिता मसुदाकारांच्या हाताशी होती.

या आठ खणांचा परिणाम असा की करंगळीचे हाड मोडून संध्याकाळी घरी परतलेला माणूस कायद्याच्या लेखी जबर जखमी ठरतो, तर मुका मार लागून आठवडाभर कुशीवर वळता न येणारा साध्या दुखापतीत राहतो. दाताचेही तसेच. पडलेला दात आधीपासून हलत होता की माराने निखळला, हे ठरवण्यासाठी डॉक्टरला हिरडीची खाच, तिच्यातले ताजे रक्त, ओठाच्या आतली जखम आणि शेजारच्या दातांची मजबुती पाहावी लागते. हाड ‘मोडणे’ म्हणजे नेमके किती मोडणे, हाही वाद बरीच वर्षे चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने होरीलाल खटल्यात तो निकाली काढला: हाड आरपार तुटण्याची गरज नाही, त्याला चीर गेली किंवा त्याचा कपचा उडाला तरी पुरे. वीस दिवसांच्या खणाबाबत न्यायालये कडकच राहिली. जखमी वीस दिवस रुग्णालयात होता एवढा दाखला त्यांना पुरत नसे, कारण खाटेवर असणे वेगळे आणि व्यवहार करण्यास असमर्थ असणे वेगळे.

डॉक्टरची भाषा मात्र आजही सुश्रुताच्या बाजूची आहे, म्हणजे जखमेचे रूप सांगणारी, आणि ते रूप फसवेही असते. कवटीवरची कातडी हाडावर ताणलेली असल्याने लाठीच्या एका फटक्याने ती अशी सरळ उलते की जखम कोयत्याने कापल्यासारखी दिसते. भिंगाखाली पाहिले तर कडा ठेचलेल्या, केसांची मुळे चिरडलेली आणि जखमेच्या तळाशी दोन्ही कडांना जोडणारे पेशींचे तंतू शाबूत आढळतात, जे धारदार पात्याने कधीच उरले नसते. ही बारकाई निसटली की लाठीवाल्यावर कोयत्याचे कलम लागते.

जखम आणि तिचा कायदेशीर अर्थ यांतले अंतर सर्वात ठळक दिसते ते मुंबई उच्च न्यायालयाच्या 1876 च्या ‘राणी सरकार विरुद्ध गोविंदा’ या निकालात. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला लाथाबुक्क्यांनी मारले, ती खाली पडल्यावर तिच्या छातीवर गुडघा ठेवून तोंडावर दोन-तीन ठोसे लगावले आणि ती मेली. बाहेरून दिसत होता तो डाव्या डोळ्याभोवतीचा काळानिळा डाग; कवटी अभंग होती, पण मेंदूवर रक्तस्राव झाला होता. दोन न्यायाधीशांत मतभेद झाल्याने प्रकरण न्या. मेलव्हिल यांच्याकडे गेले, आणि त्यांनी मृत्यूच्या संभाव्यतेचे प्रमाण हीच कसोटी धरली: मर्मस्थानी बसलेल्या ठोशाने मृत्यू येणे संभवनीय असते, तर तिथेच तलवारीचा घाव बसला की निसर्गक्रमात मृत्यू यायला तेवढे पुरेसे असते, आणि खून ठरायचा तो दुसऱ्या प्रकारात. गोविंदाला सदोष मनुष्यवधासाठी सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मेलेल्या मुलीच्या बाजूने पाहता ही सूक्ष्मता कोरडी वाटते, पण भारतातल्या कायद्याच्या वर्गांत ती अजून शिकवली जाते.

पुढे 1958 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश विवियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयात वीरसा सिंग खटल्यात याच कसोटीचा दुसरा पदर उलगडला. पोटात भाल्याचा एकच वार होता, आतडी बाहेर आली होती, आणि बचाव असा की मारण्याचा हेतू नव्हता. बोस यांनी विचारले ते एवढेच की प्रत्यक्ष झालेली ती विशिष्ट इजा करण्याचा हेतू होता का. ती मृत्यूला पुरेशी होती का, हा प्रश्न आरोपीच्या मनाचा उरत नाही, तो वैद्यकीय पुराव्याचा असतो.

भारतीय दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने कलम 116 मध्ये आठही खण तसेच ठेवले, फक्त वीसचे पंधरा दिवस केले. फ्रान्सने स्वतःची मर्यादा त्याआधीच आठ दिवसांवर आणली होती. नवी संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आणि त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनेच कलम लागते, त्यामुळे 30 जूनच्या रात्री ज्याला मार बसला आणि सतरा दिवस ज्याला काम करता आले नाही, त्याची इजा साधी ठरते, आणि दुसऱ्या दिवशी तसाच मार खाऊन तितकेच दिवस घरी बसलेल्याची जबर.