तारा कासव : पिलांचा निवारा व निगा

कोरड्या झुडपी रानात राहणारे, पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले जमिनीवरचे कासव. मूळ प्रदेश वायव्य व दक्षिण भारत, श्रीलंका.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील पावसाळी हवा त्याच्या मूळ रानाहून फार दमट. तस्करीतून सुटका केलेल्या पिलाला निचरा होणारी जमीन, खेळती हवा, उथळ पाणी, ऊन किंवा अतिनील दिवा आणि गवत-रानपाला लागतो. ओल व गारवा एकत्र आल्यास श्वसनसंसर्ग, कवचकूज होते. फार कोरड्यात कवचाचे उंचवटे वाढतात. त्यामुळे दमटपणा पूर्ण घालवण्यापेक्षा ऊब टिकवणे सर्वांत महत्त्वाचे.

तस्करीमुळे २०१९ मध्ये या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यावसायिक व्यापार बंद झाला (पहा : साइट्स, वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार). वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ते घरी पाळणे गुन्हा आहे. पिलू आढळल्यास वनविभागाला १९२६ वर कळवावे.