हजारांतील एक

१९८२ च्या गिरणी संपाचा सातवा-आठवा महिना चालू होता. आम्ही तेव्हा शाळेत होतो. एके सकाळी वडिलांनी घरातला पितळी हंडा पोत्यात घातला आणि आम्हांला बरोबर घेऊन ते मोडवाल्याकडे गेले. हंड्याच्या काठावर आजीचे नाव आणि लग्नाचे साल कोरलेले होते. मोडवाल्याने काठाकडे पाहिले नाही, काट्याकडे पाहिले. वजन झाले, पैसे हातावर पडले आणि त्यांतून आठवड्याचे धान्य आले. मोडवाल्याने आम्हांला फसवले असे आम्ही म्हणत नाही. ज्या दुकानात सगळ्याच वस्तू तोलून घेतात, तेथे नावाची किंमत होत नाही, एवढेच आम्ही त्या दिवशी शिकलो.

श्रोतेहो, आजचा विषय आहे एका दुर्मिळ रायफलीचा. ती विकायची झाली तर योग्य जागा कोणती? कामगार चळवळीतल्या माणसाने या शौकिनांच्या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे शिक्षण शाळेपुढे गेले नाही. इतिहास आम्ही युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयातून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. असेच वाचता वाचता अमेरिकेतल्या विंचेस्टर कारखान्याची हकीकत हाती आली, आणि आम्हांला तो हंडा आठवला.

ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा शर्टांचा कारखानदार. १८६६ साली त्याच्या नावाची बंदुकांची कंपनी उभी राहिली आणि पुढे न्यू हेवन हे शहर तिचे घर झाले. तिची १८७३ ची रायफल फार गाजली. खालचा कडीदांडा पुढे-मागे केला की नवी गोळी नळीत येई. अर्धशतकाच्या काळात अशा सुमारे ७ लाख २० हजार रायफली निघाल्या. गुराख्यापासून शिपायापर्यंत सर्वांच्या हाती ती होती. म्हणजे ही काही दुर्मिळ वस्तू नव्हे.

दुर्मिळता आली ती १८७५ च्या सूचीपत्रातून. कारखान्यात नळ्यांची नेमबाजीची चाचणी होई. सर्व नळ्या त्याच यंत्रांवर, त्याच हातांनी घडलेल्या. तरी एखाद्या नळीचे नेम विलक्षण जवळजवळ पडत. अशी नळी बाजूला काढून, तिला खास चाप आणि खास झिलई देऊन, नळीवर 'हजारांतील एक' अशी अक्षरे कोरावयाची व किंमत १०० डॉलर घ्यावयाची, असे कंपनीने ठरविले. साधी रायफल सुमारे निम्म्या किमतीत मिळे. ही योजना फार दिवस टिकली नाही. एक हजारांत उत्तम म्हटली की उरलेल्या ९९९ कमअस्सल ठरतात, हे विक्रेत्यांच्या ध्यानात आले, असे सांगतात. १८७३ च्या नमुन्याच्या अशा रायफली सुमारे १३५ च निघाल्या. नाव हजारांतील एक. हिशेब केला तर पाच हजारांत एकसुद्धा नाही.

मग या १३५ गेल्या कोठे? त्या विकणाऱ्या-वापरणाऱ्या माणसांच्या घरांत विखुरल्या. कोणी कोठारात टांगली, कोणी गहाण टाकली, कोणी जुन्या बंदुकांच्या दुकानात साध्या रायफलीच्या भावाने दिली. तेथेही काठाकडे पाहणारा कोणी नव्हता. १९५० साली युनिव्हर्सल चित्रपट कंपनीने जेम्स स्ट्यूअर्ट याला घेऊन 'विंचेस्टर ७३' हा चित्रपट काढला. त्याचे कथानक अशाच एका रायफलीभोवती फिरते. जाहिरातीसाठी कंपनीने देशभर शोधमोहीम काढली: कोणाच्या घरी 'हजारांतील एक' आहे काय? वीसच्या वर रायफली त्यातून उजेडात आल्या. वस्तू तीच, घर तेच. परंतु भिंतीवर काय टांगले आहे हे मालकाला आता कळले. विक्रीची पहिली योग्य जागा म्हणजे मालकाचे स्वतःचे ज्ञान, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

ज्ञान आले त्यापाठोपाठ लबाडीही आली. साध्या नळीवर तीच अक्षरे कोरून माल खपविणारे निघाले. मग खरे-खोटे कोणी ठरवावे? ते ठरविले कारखान्याच्या जुन्या खातेवह्यांनी. प्रत्येक रायफलीला क्रमांक असे. त्या क्रमांकापुढे वखारीतल्या कारकुनाने नळीचा प्रकार, चापाचा प्रकार, माल वखारीत आल्याची व बाहेर गेल्याची तारीख टिपून ठेवली होती. १९७० च्या दशकात कारखान्याचा संग्रह वायोमिंग राज्यातील कोडी येथल्या संग्रहालयाकडे गेला. तेथून क्रमांकावरून नोंदीचा दाखला मिळतो. त्या दाखल्याविना अशी रायफल घेणारा जाणकार विरळा.

तेव्हा विकणाऱ्याने काय करावे? प्रथम रायफल घासूनपुसून चकचकीत करू नये. शंभर वर्षांचा रंग एकदा गेला की परत येत नाही, आणि त्याबरोबर निम्मी किंमत गेली तरी नवल नाही. मग दाखला मिळवावा. गल्लीतल्या दुकानदाराकडे गेल्यास तो आपला नफा धरूनच भाव सांगणार. त्यात त्याचा दोष नाही. संग्राहकांच्या मेळ्यात जाणकार भेटतात, पण घासाघीस आपली आपणच करावी लागते. खरोखर दुर्मिळ वस्तूला नामांकित लिलावघर बरे. ते दलाली घेते, वेळ लावते. परंतु ती वस्तू ओळखणारे निदान दोघे तेथे समोरासमोर येतात. भाव चढतो तो दोघांमुळे. एकटा गिऱ्हाईक कितीही धनिक असो, तो भाव चढवीत नाही.

२०१६ साली इलिनॉय राज्यातील रॉक आयलंड येथल्या लिलावात १८८६ च्या नमुन्याची क्रमांक १ ची विंचेस्टर सुमारे १२ लाख ६५ हजार डॉलरला गेली. ती कॅप्टन हेन्री लॉटन याला भेट मिळालेली होती. अपाची नेता जेरोनिमो याचा पाठलाग करणाऱ्यांत हा लॉटन होता. पाठलाग करणाऱ्याच्या रायफलीला हा भाव आला. ज्याचा पाठलाग झाला तो जेरोनिमो १९०९ साली कैदी म्हणूनच मेला. बाजार इतिहासाला किंमत देतो, न्याय देत नाही.

आपल्याकडे मात्र हा बाजार असा मोकळा नाही, हेही सांगितले पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली चालू स्थितीतली रायफल परवानाधारकालाच देता येते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरील पुराणवस्तू खाजगी माणसाला परदेशी विकायला नेता येत नाही. ज्याच्या घरी आजोबांची रायफल आहे, त्याने आधी परवाना व कागद पाहावेत, भाव मागाहून.

आता आमच्या मुद्द्याकडे येतो. विंचेस्टरच्या संग्राहकांत '६४ पूर्वीची' हा शब्द मंत्रासारखा चालतो. १९६४ साली कंपनीने खर्च वाचविण्यासाठी घडण बदलली. हाताने कोरलेली दस्त्यावरची जाळी गेली, दाबून उमटविलेली आली. कातून काढलेले भाग गेले, साच्यातले आले. तेव्हापासून जुन्या घडणीला अधिक भाव आहे. म्हणजे ज्या हातांची मजुरी वाचविली, त्याच हातांच्या कामाला बाजार आज जादा पैसे मोजतो. फक्त ते पैसे त्या हातांत पडत नाहीत. त्याच कारखान्यातील कामगारांनी १९७९-८० मध्ये कित्येक महिने संप केला. १९८१ साली मालक कंपनीने बंदुकांचा तो धंदा विकून टाकला. आणि मार्च २००६ मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद झाला. विंचेस्टर कंपनी स्थापन होऊन तेव्हा १४० वर्षे झाली होती. शेवटच्या १८६ कामगारांना घरी जावे लागले. रायफलीच्या क्रमांकापुढे सगळे लिहिलेले आहे. ती कोणी घडविली, हे लिहिलेले नाही.

मुंबईत गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरावयाची वेळ आली, तेव्हा आम्ही हेच पुन्हा पाहिले. तीस वर्षे साच्यावर उभा राहिलेला माणूस खिडकीपुढे येई, आणि त्याला तिकीट क्रमांक, हजेरीचा, विम्याचा वा फंडाचा कागद मागत. ज्याच्याजवळ कागद होता त्याचे काम पुढे सरके. ज्याने तो रद्दीत घातला होता, त्याला आपण कामगार होतो हे सिद्ध करीत वणवण करावी लागे. आमच्या वडिलांनी हंडा विकला, पण गिरणीचे तिकीट पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले होते. तो डबा उघडून त्यांचा अर्ज आम्ही भरला.

म्हणून आम्ही सभासदांना सांगतो: रायफल असो की मनगटांची कमाई, ती विकायची जागा निवडण्याआधी तिचा कागद सांभाळा. कागद ज्याच्या हाती, त्याच्याशी समोरच्याला बोलावे लागते. बाकी सगळीकडे काटा तयारच असतो.