नवटाक ते महापद्म : तेलाच्या मापांची गोष्ट

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत 'नवटाकभर तेल' हे शब्द अजून कानी पडतात. माझी आजी चकलीच्या मोहनाचा अंदाज याच मापाने सांगते. आमच्या पिढीला मात्र नवटाक म्हटले की देशी दारूचा गुत्ताच आठवतो! आजचा धागा या शब्दापासून सुरू करू.

नवटाक म्हणजे नऊ टांक, शेराचा आठवा भाग. दोन नवटाकांचा पावशेर, चार पावशेरांचा शेर, चाळीस शेरांचा पक्का मण आणि वीस मणांची खंडी. या हिशेबाने शेरात 72 टांक येतात. पुढे ब्रिटिश अमदानीत 80 तोळ्यांचा शेर प्रमाण ठरला. तेव्हा नवटाकात दहा तोळे भरू लागले, तरी नाव मात्र नऊचेच राहिले.

तेलाच्या बाबतीत आणखी एक पेच होता. शेर हे वजनाचेही नाव आणि मापाचेही. तेल तराजूत तोलायचे की मापाने ओतायचे? तेल पाण्याहून हलके असल्यामुळे या दोहोंची उत्तरे जुळत नाहीत. 80 तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. इतक्या वजनाचे शेंगदाणा तेल भांड्यात ओतले, तर ते एक लिटरहून किंचित अधिक भरते. म्हणूनच 1956 च्या कायद्यानुसार दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने आली, तेव्हा तेलाच्या गिऱ्हाइकाला शेराच्या जागी लिटर स्वीकारणे फारसे जड गेले नसावे, असे मला वाटते. योगायोग असा, की त्याच काळात, 1960 मध्ये, 'दक्षिण सातारा' जिल्ह्याचे नाव 'सांगली' झाले. जिल्ह्याचे नाव आणि दुकानातली वजने, दोन्ही एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत बदलली.

जुना पेच मात्र सुटलेला नाही. आज बाजारात 15 किलोचाही डबा मिळतो आणि 15 लिटरचाही. लिटरच्या डब्यात तेल भरते पावणेचौदा किलोच्या आसपास. दोन डब्यांच्या किमती शेजारी ठेवून 'हा स्वस्त' म्हणणारा सव्वा किलो तेल विसरतो.

आता थोडे मागे, यादवकाळात जाऊ. पाटणचा शिलालेख प्रसिद्ध आहे. हे पाटण आपल्या कोयनाकाठचे नव्हे, चाळीसगावजवळचे. शके 1128 च्या या लेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाला निकुंभवंशीय सोइदेवाने दिलेले दान नोंदले आहे. मठाचा हेतू भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन. लेखाच्या मराठी भागात मठाला मिळणाऱ्या उत्पन्नाच्या बाबी येतात, आणि त्यांत आहे घाण्यागणिक एक पळी तेल. तेल्याने ना मण द्यायचा, ना शेर. घाणा चालतो आहे ना, मग पळीभर तेल द्या. घाण्यांची मोजदाद सोपी, लबाडीला वाव कमी. करआकारणीची इतकी सुटसुटीत पद्धत मला तरी क्वचितच आढळली.

गंमत अशी, की पळीभर तेल घेणाऱ्या त्या मठात ज्यांचे ग्रंथ शिकवले जात, त्या भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. घाण्याच्या तेलाला एवढ्या संख्या कधी लागल्याच नाहीत. त्या लागल्या खनिज तेलाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले ('रॉक ऑइल' या नावाचे हे मराठी रूप!) आणि त्यामागोमाग अमेरिकन व्यापाऱ्यांचे 42 गॅलनचे पिंप, म्हणजे बॅरल, जगभर हिशेबाचे एकक झाले. त्यात सुमारे 159 लिटर मावतात.

आज जग दिवसाला सुमारे दहा कोटी बॅरल तेल वापरते. वर्षाचे लिटर काढा : 58 वर अकरा शून्ये. लीलावतीच्या भाषेत जवळजवळ पावणेसहा महापद्म. परार्धाला अजून पाच स्थाने बाकी आहेत.