दुर्बिणीत शिरलेला कोळी

मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी रायफलचा स्कोप घ्यायला गेलं, की दुकानदार आधी भिंगाचा व्यास सांगतो, किती पट मोठं दिसेल ते सांगतो आणि मग खऱ्या पेचात टाकतो. नेम धरायची फुली पहिल्या प्रतिमेच्या प्रतलात हवी की दुसऱ्या? पहिल्यात झूम वाढवला की फुलीच्या रेषाही जाड होतात, दुसऱ्यात होत्या तेवढ्याच राहतात. अमेरिकेत एल्क मारणारे बहुतेक दुसरं प्रतल घेतात, जर्मन शिकारी पिढ्यान्‌पिढ्या पहिल्याचे. या भांडणाची वंशावळ खणत गेलो, तर ती निघाली १६४०च्या आसपासच्या यॉर्कशरमध्ये, एका कोळ्यापाशी.

लीड्सजवळच्या मिडलटनचा विल्यम गॅस्कॉइन दोन बहिर्गोल भिंगं घेऊन सूर्य न्याहाळत होता. नळी उघडी राहिली होती; आत कोळ्यानं तंतू ताणलेला. तो तंतू सूर्यबिंबाइतकाच रेखीव दिसला. गॅलिलिओच्या दुर्बिणीत हे घडणं शक्य नव्हतं. तिचं नेत्रभिंग अंतर्गोल, त्यामुळे नळीच्या आत प्रतिमा उमटतच नाही. केप्लरनं १६११ साली सुचवलेल्या दोन बहिर्गोल भिंगांच्या रचनेत मात्र प्रतिमा नळीच्या पोटात तयार होते, आणि तिथं जे असेल ते दृश्यावर छापल्यासारखं दिसतं. कोळ्यानं नेमकी तीच जागा धरली. गॅस्कॉइननं हा सारा प्रकार ऑट्रेड या गणितज्ञाला पत्रानं कळवला. अंधारात तंतू दिसेना, तर कंदिलातल्या मेणबत्तीचा उजेड आत सोडावा, ही युक्तीही त्याचीच. आजच्या स्कोपमधला लाल ठिपका वेगळं काय करतो?

आता प्रतिस्पर्धी. डच खगोलज्ञ हायगेन्सनं १६५९ साली प्रतिमेच्या जागी पट्ट्या बसवून ग्रहांची मापं घेतली. मोदेनाच्या मालवासियानं १६६२ साली चांदीच्या तारांच्या जाळीचं वर्णन छापून प्रसिद्ध केलं. पॅरिसचे खगोलज्ञ ओझू आणि पिकार तर शोध आमचाच म्हणून बसले होते. १६६७ साली रिचर्ड टाउनलीनं गॅस्कॉइनचं यंत्र पुढे आणलं, तेव्हा इंग्रजांना बोलायला तोंड मिळालं. फ्रेंचांनी स्वतंत्रपणे शोधलं असेल, त्याबद्दल वाद नाही. पण हायगेन्स आणि मालवासिया मोजत होते. रोख धरण्यासाठी दुर्बीण कोनमापक यंत्रावर चढवून तिच्या मध्यावर खूण करणारा गॅस्कॉइन त्यांच्या आधीचा, आणि रायफलला गरज रोख धरण्याचीच. तो मात्र १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत राजाच्या बाजूनं लढताना पडला.

पुढची दोनशे वर्षं बंदुकीला या फुलीचा फारसा उपयोग झाला नाही. ती सांभाळली खगोलवाल्यांनी आणि मोजणीवाल्यांनी. हिंदुस्थानची मोजणी करता करता १८२३ साली हिंगणघाटला वारलेला लॅम्टन अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटमधून लांबवरचे झेंडे अशाच खुणेवर धरायचा. १८४०च्या दशकात अमेरिकेत रायफलवर लांबलचक दुर्बीण बसवण्याचं शास्त्र मांडणारा चॅपमनही पेशानं इंजिनिअर. माझा तर्क सरळ आहे: मोजणीची दुर्बीण त्यानं बंदुकीच्या नळीवर आडवी टाकली. १८५५ साली सिरॅक्यूजच्या माल्कमनं तिचा धंदा केला.

केप्लरच्या रचनेत जग उलटं दिसतं. ताऱ्याचं त्यात काही बिघडत नाही, पण पाय वर केलेलं सांबर कोण मारणार? म्हणून मध्ये प्रतिमा सुलटी करणारी भिंगं घातली आणि एकाच्या जागी दोन प्रतिमा झाल्या. कोळ्याचा तंतू होता ती पहिली; सुलटी झालेली दुसरी. झूमची यंत्रणा या दोहोंच्या मध्ये बसते, म्हणून पहिलीवरची फुली फुगते, दुसरीवरची नाही. चांदण्यात मचाणावर बसून रानडुकराची वाट पाहणाऱ्या जर्मनाला जाडच रेषा हवी. बारीक रेषा काळ्या डुकरावर विरघळून जाते. त्याचा जुना लाडका स्कोप आठ पट, छप्पन मिलिमीटरचा: भागाकार सात, म्हणजे अंधारात विस्फारलेल्या तरण्या बाहुलीएवढा. पन्नाशी उलटलेल्यानं त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. त्याची बाहुली सहसा तेवढी उघडतच नाही.

दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियातल्या नॅन साँगर यांनी कोळी पाळून त्यांचे तंतू अशा उपकरणांसाठी पुरवले. आता तारा असतात किंवा काचेवर कोरलेल्या रेषा. तारेला कडेचा आधार लागतो, त्यामुळे मध्ये अधांतरी ठिपका हवा तर काचच घ्यावी लागते. साध्या फुलीला मला तार पुरेशी वाटते. काच आली की धूळ बसायला दोन पृष्ठभाग वाढतात, आणि ती धूळही फुलीइतकीच रेखीव दिसते.