राइट-क्लिक मेन्यूत स्वतःची कमांड कशी बसवायची?

ई-मेलने पाठवायचे शंभर फोटो एकेक उघडून लहान करायची गरज नसते. लिनक्सवर हे काम एका कमांडने होते आणि ती कमांड फाइल मॅनेजरच्या मेन्यूत कायमची बसवता येते. एक्सएफसीई डेस्कटॉपवरच्या 'थुनार'मध्ये ही सोय आहे.

कसे करायचे?

१. इमेजमॅजिक हे मोफत सॉफ्टवेअर इन्स्टॉल करा.
२. थुनारच्या एडिट मेन्यूत 'कॉन्फिगर कस्टम ॲक्शन्स' उघडा आणि नवीन ॲक्शन जोडा.
३. तिला नाव द्या आणि कमांडच्या रकान्यात इमेजमॅजिकची 'मॉग्रिफाय' कमांड 'रिसाइझ' पर्यायासह लिहा.
४. शेवटी टक्क्याचे चिन्ह आणि त्याला जोडून कॅपिटल एफ लिहा. त्या जागी निवडलेल्या सगळ्या फाइल्सचे पत्ते आपोआप येतात. स्मॉल एफ फक्त एकाच फाइलसाठी असते.
५. दुसऱ्या टॅबमध्ये फक्त 'इमेज फाइल्स'वर टिक करा. मग हा पर्याय फोटोंवरच दिसेल.

सावधान!

मॉग्रिफाय मूळ फोटोवरच लिहिते. मोठा फोटो कायमचा जातो. तो ट्रॅशमध्येही सापडत नाही आणि 'अनडू'ही चालत नाही. म्हणून आधी एक रिकामा फोल्डर तयार करा आणि कमांडमध्ये 'पाथ' पर्यायाने त्याचा पत्ता द्या. लहान फोटो तिथे जातील, मूळ फोटो जागेवर राहतील. पहिली चाचणी मात्र एखाद्या फोटोच्या कॉपीवरच घ्या.