अज्ञान अपत्यांची तरतूद : एकत्र कुटुंबाकडून दस्तऐवजाकडे (इ.स. १८५६ ते १९९९)

प्रस्तावना :
लहान मुले असलेल्या कर्त्या पुरुषाचा अकाली मृत्यू झाल्यास मुलांचा सांभाळ कोणी करावा आणि त्यांच्या मालमत्तेचा कारभार कोणी पाहावा, हे दोन प्रश्न प्रत्येक समाजापुढे उभे राहतात. मुंबई इलाख्यातील हिंदू समाजात या प्रश्नांचे उत्तर दीर्घकाळ एकत्र कुटुंबाने दिले. पुढे नोकरदार विभक्त कुटुंब उदयास आले आणि ही जबाबदारी मृत्युपत्र, विमापत्र व न्यायालयीन आदेश यांच्याकडे गेली. या स्थित्यंतराचा आणि त्यातील आईच्या स्थानाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

एकत्र कुटुंबातील तरतूद :
मिताक्षरा पद्धतीनुसार मुलग्यास वडिलार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क प्राप्त होत असे. पिता निवर्तला तरी मुलगा सहदायाद राहत असे व चुलता किंवा आजा कर्ता म्हणून कारभार पाहत असे. त्यामुळे मृत्युपत्राची गरज भासत नव्हती. किंबहुना एकत्र मालमत्तेतील आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याचा अधिकारही पित्यास नव्हता. मात्र ज्याच्या पश्चात केवळ पत्नी व मुली असत, त्याचा हिस्सा भावांकडे जाई. विधवेच्या वाट्यास अन्नवस्त्र आणि मुलींच्या वाट्यास पालनपोषण व विवाहखर्च एवढेच येई. या व्यवस्थेत सुरक्षितता होती, परंतु ती भाऊबंदांच्या सद्भावनेवर अवलंबून होती.

इ.स. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने विधवेच्या विवाहास मान्यता दिली. तथापि त्याच कायद्यानुसार पुनर्विवाहानंतर मृत पतीच्या मालमत्तेतील तिचे हक्क संपुष्टात येत. शिवाय पतीने मृत्युपत्राद्वारे पालक नेमलेला नसल्यास त्याच्या नातलगांना मुलांसाठी अन्य पालक नेमण्याचा अर्ज न्यायालयात करता येत असे. म्हणजेच आई व मूल यांची ताटातूट टळणे हे अनेकदा मृत पित्याच्या लेखी शब्दावर अवलंबून राही.

नोकरदार कुटुंब आणि मृत्युपत्र :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यायालये, शाळा, रेल्वे व सरकारी कचेऱ्या यांतून पगारदार वर्ग निर्माण झाला. स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने देता येत असे. इ.स. १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टने मुंबई शहरातील हिंदूंच्या मृत्युपत्रास लेखी स्वरूप व दोन साक्षीदार आवश्यक केले. मुंबईबाहेर तोंडी मृत्युपत्रही ग्राह्य धरले जाई. ही सवलत १ जानेवारी १९२७ पासून संपली. परंतु मिळकत स्वकष्टार्जित आहे की नाही, हाच मोठा वाद होता. कुटुंबाच्या पैशातून शिक्षण घेतलेल्या वकिलाच्या कमाईवर त्याचे भाऊ हक्क सांगू शकत. हा वाद इ.स. १९३० च्या विद्याधनविषयक कायद्याने मिटविला.

विमापत्राचे महत्त्व :
मुंबईत इ.स. १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल आणि इ.स. १८७४ मध्ये ओरिएंटल या विमा संस्था स्थापन झाल्या. इ.स. १८७४ च्याच विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यातील कलम ६ नुसार पुरुषाने पत्नी व मुलांच्या हितासाठी स्वतःच्या आयुष्यावर घेतलेले विमापत्र न्यास समजले जाते. ती रक्कम त्याच्या मिळकतीचा भाग ठरत नाही. सावकारांची फसवणूक करण्याचा हेतू नसल्यास त्यांनाही तिला हात लावता येत नाही. तथापि हे कलम हिंदूंना लागू होते काय, याविषयी न्यायालयांत मतभेद होते. मद्रासमध्ये ते लागू असल्याचा निर्णय झाला. मुंबईसह इतर प्रांतांत इ.स. १९२३ च्या दुरुस्तीने त्यास स्पष्ट आधार मिळाला. भाऊबंद व सावकार या दोहोंपासून मुलांचा पैसा वेगळा ठेवण्याचे सोपे साधन अशा रीतीने सामान्य पगारदारास उपलब्ध झाले.

पालकत्व आणि आईचे स्थान :
मालमत्तेच्या कायद्याच्या तुलनेत पालकत्वाचा कायदा मंदगतीने बदलला. इ.स. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात मुलाचे हित हा निकष असला तरी पित्याचे अग्रस्थान कायम राहिले. हिंदू पिता आईस डावलून मुलांचा पालक नेमू शकत असे. इ.स. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने हे बदलले. पित्याने मृत्युपत्राने नेमलेला पालक आई हयात असेपर्यंत अधिकार गाजवू शकत नाही आणि आईसही पित्याच्या पश्चात पालक नेमता येतो. अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता विकण्यास न्यायालयाची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. तरीही ‘पिता आणि त्याच्यानंतर आई’ ही शब्दरचना राहिलीच. इ.स. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ याचा अर्थ ‘पित्याच्या अनुपस्थितीत’ असा लावला. त्यामुळे पिता हयात असतानाही तो मुलाची जबाबदारी घेत नसल्यास आईस पालक म्हणून वागता येऊ लागले. सातबारा उताऱ्यावरील ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) या नोंदीपुढे आईचे नाव दिसते, त्यामागे हा प्रदीर्घ इतिहास आहे.

निष्कर्ष :
एकत्र कुटुंबात मुलाचा सांभाळ व त्याच्या मालमत्तेचा कारभार एकाच कर्त्याच्या हाती होता. आधुनिक कायद्याने या दोन गोष्टी वेगळ्या केल्या : सांभाळ पालकाकडे, तर पैसा विश्वस्ताकडे देता येतो. परंतु कायदा ही केवळ सोय देतो; ती दस्तऐवजात उतरविणे आईवडिलांच्या हाती असते. आजही अनेक तरुण कुटुंबे केवळ नामनिर्देशनावर विसंबून राहतात. नामनिर्देशित व्यक्ती ही सामान्यतः रक्कम स्वीकारणारी असते, मालक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात स्पष्ट केले होते. विम्यापुरता इ.स. २०१५ च्या दुरुस्तीने पत्नी, पती, मुले व आईवडील यांच्याबाबत यात बदल झाला. एकत्र कुटुंबाचे छत्र विरळ झाल्यानंतर पालकाचे नाव न लिहिणे म्हणजे तो निर्णय न्यायालयावर व नातलगांतील वादावर सोपविणे होय, हेच या इतिहासातून दिसून येते.